घरी शिकणाऱ्या मुलांसाठी ऑनलाइन क्लासची निवड

शाळेत जाणाऱ्या मुलाला शिकवणी लावणे आणि होमस्कूलिंग करणाऱ्या मुलासाठी ऑनलाइन क्लास निवडणे ही दोन वेगळी कामे आहेत. शिकवणीत काही सुटले तर ते शाळेत पुन्हा कानावर पडते आणि शाळेत सुटलेले शिकवणीत भरून निघते. घरी शिकणाऱ्या मुलाच्या वाट्याला असा दुसरा फेरा येत नाही. जो विषय क्लासवर सोपवला, तो पूर्णपणे त्याच्यावरच सोपवलेला असतो. निवड चुकली तर ते कळायलाही उशीर लागतो, कारण घरात प्रगतिपुस्तक येत नाही, पालकसभा होत नाही आणि शेजारच्या बाकावरच्या मुलाची वही पाहायला मिळत नाही.

मात्र ऑनलाइन क्लासचा सर्वांत चांगला उपयोग करून घेण्याची संधीही याच मुलांना असते. शाळेतले मूल दिवसभराचे दप्तर उतरवून, संध्याकाळी सातला, अर्धे दमलेले असे पडद्यासमोर बसते. घरी शिकणारे मूल सकाळी दहाला ताज्या डोक्याने बसू शकते. तासात जे आले त्यावर दुपारभर खटपट करायला त्याच्याकडे वेळ असतो. परभणीतल्या किंवा चिपळूणच्या घरातून चेन्नईच्या शिक्षकाकडे बीजगणित शिकता येते, आणि आपल्या गावात ज्या विषयाचा एकही शिक्षक नाही तो विषयही घेता येतो.

क्लास शोधण्याआधी गरज शोधावी लागते. बहुतेक मराठी घरांत पाचवी-सहावीपर्यंतचे गणित, भाषा आणि परिसर अभ्यास आईवडील, आजी-आजोबा मिळून आरामात सांभाळतात. गाडी अडते ती पुढे, बीजगणित, रसायनशास्त्र किंवा इंग्रजीतले लेखन आले की. कुठे अडचण विषयाची नसते, सोबतीची असते: मुलाला वादविवाद करायला, नाटुकले बसवायला, एकत्र पुस्तक वाचायला त्याच्या वयाची चार मुले हवी असतात. या दोन गरजांसाठी दोन वेगळ्या प्रकारचे क्लास लागतात. पहिल्या वर्षी हमखास होणारी चूक म्हणजे भीतीपोटी सगळ्याच विषयांना क्लास लावणे. मग घरात शाळाच भरते, आणि तीही मैदान, मित्र आणि मधली सुट्टी यांच्याशिवाय. एका वेळी एक, फार तर दोन क्लास, आणि तेही जिथे घरचे हात खरोखर अपुरे पडतात तिथेच, एवढ्यावर सुरुवात करणे बरे.

मूल मोठे असेल तर दुसरा प्रश्न परीक्षेचा. शिक्षण हक्क कायदा २००९ साली झाला आणि १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. ६ ते १४ वयाच्या मुलांना शाळेत दाखल करणे हे त्याच्या दहाव्या कलमाने पालकांचे कर्तव्य ठरवले आहे. होमस्कूलिंगचा वेगळा उल्लेख त्यात नाही आणि पालकांना दंडाची तरतूदही नाही. अशा मोकळ्या जागेत ही घरे मुलांना शिकवतात, आणि दहावीच्या वयाला आली की एखाद्या मंडळाची परीक्षा निवडतात. ती निवड क्लासच्या आधी व्हायला हवी, कारण बाजारातले बहुतेक क्लास सीबीएसई, आयसीएसई किंवा राज्य मंडळाच्या शाळकरी मुलांसाठी बांधलेले असतात.

भारतातल्या घरी शिकणाऱ्या मुलांची मोठी वाट एनआयओएसमधून, म्हणजे १९८९ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयातून जाते. दहावीसाठी वय १४ पूर्ण लागते. किमान पाच विषय, त्यात निदान एक भाषा, अशी रचना असते. एकदा नोंदणी केली की पाच वर्षांत सार्वजनिक परीक्षेच्या नऊ संधी मिळतात, विषय एकेक करून सोडवता येतात आणि माध्यम मराठीही घेता येते. चित्रकला, गृहविज्ञान, भारतीय संस्कृती असे विषयही त्यात आहेत. पण एनआयओएसची स्वतःची पुस्तके आहेत, धड्यांचा क्रम वेगळा आहे, आणि अभ्यासक्रमाचा काही भाग शिक्षकांकडून तपासल्या जाणाऱ्या स्वाध्यायांसाठी राखलेला असतो. या स्वाध्यायांना अंतिम गुणांत २० टक्के वजन असते. ‘आमच्याकडे नववी-दहावीचे विज्ञान आहे’ असे सांगणारा क्लास सीबीएसईच्या पुस्तकावर चालत असेल, तर विषय तोच असूनही मुलाला परीक्षेआधी बराच भाग एकट्याने भरून काढावा लागतो. म्हणून क्लासला पहिल्याच फोनवर विचारावे: एनआयओएसचे पुस्तक तुम्ही शिकवता का, आणि स्वाध्याय लिहिताना मुलाला मदत करता का?

राज्य मंडळाची दहावी-बारावी शाळेत न जाता द्यायची असेल तर खासगी विद्यार्थी म्हणून सतरा नंबरचा फॉर्म भरावा लागतो. इथे बालभारतीची पाठ्यपुस्तकेच प्रमाण. ती पीडीएफ स्वरूपात मोफत मिळतात, आणि क्लासही मराठीत भरपूर आहेत. शाळा सोडल्याचा दाखला, तो नसेल तर प्रतिज्ञापत्र, अशी कागदपत्रे वेळेत जमवणे हे या वाटेवरचे खरे काम. केंब्रिजच्या आयजीसीएसई परीक्षेला बसणाऱ्यांसाठी मात्र क्लासची निवड फार बारकाईने करावी लागते. तिथे विषयाला आकडी संकेतांक असतो: गणित ०५८०, भौतिकशास्त्र ०६२५. गणितात ‘कोअर’ आणि ‘एक्स्टेंडेड’ असे दोन स्तर आहेत, आणि कोअरमध्ये कितीही चांगला पेपर लिहिला तरी सी श्रेणीच्या वर जाता येत नाही. क्लास कोणत्या संकेतांकाचा आणि कोणत्या स्तराचा, हे लिहून घ्यावे. शिवाय खासगी उमेदवाराला स्वीकारणारे परीक्षा केंद्र आपल्या शहराजवळ आहे का, हे फी भरण्याआधी पाहावे. वर्षभर शिकून केंद्रच न मिळणे ही मुलाच्या कष्टांची फार वाईट उधळण आहे.

परीक्षा अजून दूर असेल तर या सगळ्याची गरज नाही. नऊ-दहा वर्षांच्या मुलासाठी अभ्यासक्रमाशी जुळणी हा निकष लावूच नये. तिथे शिक्षक पाहावा.

ऑनलाइन क्लासचे ढोबळ चार प्रकार दिसतात: रेकॉर्ड केलेले धडे, मोठी लाइव्ह बॅच, पाच-दहा मुलांचा छोटा वर्ग आणि एकास एक शिकवणी. रेकॉर्ड केलेल्या धड्यांसाठी पैसे मोजण्याआधी मोफत काय आहे ते पाहून घ्यावे. केंद्र सरकारच्या ‘स्वयम्’ मंचावर, जो जुलै २०१७ मध्ये सुरू झाला, नववी ते बारावीचे अभ्यासक्रम एनसीईआरटी आणि एनआयओएस यांनी ठेवले आहेत. ‘दीक्षा’वर शालेय पाठ्यपुस्तकांना जोडलेले धडे आहेत. खान अकॅडमीवर गणिताचा सराव पायरीपायरीने करता येतो, आणि आयआयटींच्या ‘एनपीटेल’वर पदवीच्या पातळीची व्याख्याने आहेत, सोळा वर्षांचे उत्सुक मूल तिथपर्यंतही पोचते. माहितीची टंचाई आता नाही. मोफत ऑनलाइन कोर्स सुरू करणारे पुष्कळ, पूर्ण करणारे मात्र थोडे, हा जगभरचा अनुभव आहे. त्यामुळे पैसे द्यायचे ते व्हिडिओसाठी देऊ नयेत. मुलाचे काम पाहणाऱ्या माणसासाठी द्यावेत.

म्हणूनच कुठल्याही क्लासबद्दल सर्वांत उपयोगी प्रश्न एकच आहे: वही कोण तपासते? मुलाने लिहिलेले गणित, निबंध, प्रयोगाची नोंद शिक्षकाकडे जाते का, किती दिवसांत परत येते, आणि परत येताना तिच्यावर काय लिहिलेले असते? फक्त बरोबरची खूण आणि ‘छान’ एवढेच असेल तर ती तपासणी नव्हे. बरेच क्लास याचे उत्तर ‘ऍपमध्ये टेस्ट असते’ असे देतात. टेस्ट उपयोगी आहे, पण ती चूक दाखवते. चुकीचे कारण दाखवत नाही. एक साधे उदाहरण घ्यावे. एक मूल १/२ + १/३ = २/५ असे लिहिते. ऍप लाल फुली मारते आणि बरोबर उत्तर ५/६ असल्याचे सांगते. मूल ५/६ लिहून पुढे जाते आणि पुढच्या गणितात पुन्हा अंशात अंश, छेदात छेद मिळवते. वही पाहणारी शिक्षिका थांबते आणि विचारते, ‘आधी अर्धी भाकरी खाल्लीस, मग आणखी तिसरा हिस्सा खाल्लास. एकूण अर्ध्यापेक्षा जास्त झाली की कमी?’ मूल म्हणते, जास्त. ‘मग २/५ हे अर्ध्यापेक्षा जास्त आहे का?’ मूल कागदावर पट्टी काढते, पाच भाग करते, दोन रंगवते आणि गप्प होते. त्या गप्प होण्यात जे शिकणे घडते ते कोणत्याही टेस्टमध्ये घडत नाही. फी द्यायची ती या दोन मिनिटांची.

शिक्षक कसा आहे हे डेमो तासात ओळखता येते, पण डेमो हा सजवलेला तास असतो हे धरून चालावे. शक्य असेल तर चालू बॅचचा एखादा मधला तास बघू देण्याची विनंती करावी. चांगले शिक्षक सहसा नाही म्हणत नाहीत. पालकाने कॅमेऱ्याबाहेर, वही-पेन घेऊन बसावे. पहिल्या दहा मिनिटांत शिक्षकाने किती मुलांना नावाने हाक मारली हे मोजावे. प्रश्न विचारल्यावर शिक्षक किती सेकंद थांबतो हेही मनातल्या मनात मोजावे. अमेरिकेतल्या विज्ञानशिक्षण संशोधक मेरी बड रो यांनी १९७० च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासल्या तेव्हा असे दिसले की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदभरच थांबतात आणि मग स्वतःच बोलू लागतात. तीन सेकंद किंवा जास्त थांबले की मुलांची उत्तरे लांबतात, ‘माहीत नाही’ कमी होते आणि एरवी गप्प बसणारी मुलेही बोलतात. ऑनलाइन तासात माइक चालू करायलाच दोन सेकंद जातात, त्यामुळे इथे थांबणे आणखी गरजेचे. ‘समजलं का सगळ्यांना?’ असे विचारून लगेच पुढची स्लाइड लावणारा तास कितीही देखणा असला तरी तो व्हिडिओच आहे.

आणखी एक गोष्ट डेमोत पाहावी. मुलाने चुकीचे उत्तर दिले की शिक्षकाचा चेहरा काय सांगतो? होमस्कूलिंग करणारी बरीच मुले चुकण्याला घाबरत नाहीत. घरी त्यांच्या चुकीवर कोणी हसलेले नसते. हे धैर्य एका हिणकस शेऱ्याने जाते आणि परत यायला महिने लागतात. बॅचमध्ये मुले किती, हा प्रश्न सगळेच विचारतात. पण बारा मुलांचा कोरडा तास आणि पंचवीस मुलांचा जिवंत तास यांत दुसराच बरा.

विषयागणिक निकष बदलतात. गणिताला वही आणि छोटा वर्ग. भाषेला लेखन तपासणारा आणि मोठ्याने वाचून घेणारा माणूस. व्याकरणाच्या पीपीटी पाहून कोणाचे मराठी सुधारत नाही, इंग्रजीही नाही. परदेशात वाढणाऱ्या मराठी मुलांसाठी उत्तर अमेरिकेत बृहन्महाराष्ट्र मंडळाच्या मराठी शाळा चालतात. भाषेचा तास म्हणजे बोलण्याचा तास हे अशा शाळांत मुलांकडे पाहिले की पटते. कोडिंगसाठी लहान वयात महागडे प्रमाणपत्र घेण्याची गरज नाही. एमआयटीच्या मीडिया लॅबने २००७ साली आणलेले ‘स्क्रॅच’ मोफत आहे, आणि दहा वर्षांच्या मुलाला त्यात वर्षभर पुरेल इतके काम सापडते.

विज्ञानात सगळ्यात मोठी उणीव हाताच्या कामाची. पडद्यावर विद्युतमंडल जोडता येते: कोलोरॅडो विद्यापीठाच्या ‘फेट’ या मोफत प्रयोगांची मराठी रूपेही आहेत, आणि सी-डॅक व अमृता विद्यापीठ यांच्या ‘ओलॅब्स’मध्ये शालेय प्रयोग करून पाहता येतात. पण परीक्षानळी किती तापवायची, तराजूचा काटा कुठे थांबतो, मिठाचे स्फटिक रात्रभरात कसे वाढतात, हे बोटांना कळावे लागते. त्यामुळे विज्ञानाचा क्लास निवडताना तासाआधी घरी काय काय साहित्य जमवायला सांगतात हे विचारावे. लिंबू, तांब्याची तार, आगपेटी, स्ट्रॉ, सायकलच्या ट्यूबचे तुकडे अशी यादी येत असेल तर तो क्लास बहुधा चांगला. पुण्यात आयुकाच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता यांनी टाकाऊ वस्तूंतून विज्ञानाची खेळणी घडवली. ती करून पाहण्याची पद्धत आणि पुस्तके मराठीतही मोफत मिळतात. क्लासला जोड म्हणून ती फार मोलाची आहेत. परीक्षेच्या बाजूनेही हे तपासावे लागते: एनआयओएसच्या विज्ञानात प्रात्यक्षिक अभ्यास केंद्रावर द्यावे लागते, तर केंब्रिजच्या भौतिकशास्त्रात प्रयोगशाळेऐवजी प्रात्यक्षिकावरचा लेखी पेपर घेण्याचा पर्याय आहे.

गाण्याच्या क्लासची अडचण तांत्रिक आहे आणि फारशी कोणी आधी सांगत नाही. आवाज नेटवरून जायला सेकंदाचा अंशभर वेळ लागतो, त्यामुळे गुरू आणि शिष्य एकाच वेळी गाऊ शकत नाहीत, आणि पलीकडच्या तबल्यावर समेला येणे जमत नाही. गुरूने म्हणायचे, थांबायचे, मग मुलाने म्हणायचे, असेच शिकवावे लागते. ताल धरायला तबल्याचे ऍप मुलाच्याच बाजूला वाजवावे. झूमसारखी साधने पार्श्वभूमीचा गोंगाट दाबतात, आणि तानपुऱ्याचा अखंड सूर त्यांना पंख्याच्या घरघरीसारखाच वाटतो. मग गुरूला मुलाचा तानपुरा ऐकू येत नाही, मधूनमधून स्वरही तुटतो. सेटिंगमध्ये मूळ आवाज जसाच्या तसा पाठवण्याचा पर्याय असतो, तो चालू करावा. हे सगळे ज्या शिक्षकाला ठाऊक आहे त्याने ऑनलाइन शिकवण्याचा खरोखर विचार केला आहे, असे समजावे. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा द्यायच्या असतील तर महिन्यातून एकदा तरी समोर बसून शिकता येईल असा गुरू बरा.

पडद्यापुढे किती वेळ, याला एक जुना पण अजून उपयोगी मापदंड आहे. केंद्राच्या मनुष्यबळ विकास मंत्रालयाने (आताच्या शिक्षण मंत्रालयाने) जुलै २०२० मध्ये ‘प्रज्ञाता’ मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांत पहिली ते आठवीसाठी दिवसाला ३० ते ४५ मिनिटांचे दोनपेक्षा जास्त ऑनलाइन तास नकोत, नववी ते बारावीसाठी चारपेक्षा जास्त नकोत, असे सांगितले होते. त्या सूचना कोविडच्या टाळेबंदीतल्या शाळांसाठी होत्या, तरी घरी शिकणाऱ्या मुलाचे वेळापत्रक आखताना त्याच मर्यादेत राहावे. तास वाढला की वहीचा, झाडावर चढण्याचा, स्वयंपाकघरातल्या लुडबुडीचा वेळ कमी होतो, आणि होमस्कूलिंगचे मोल तर त्यातच आहे. मोबाइलच्या पडद्यावर गणिताचा तास करू नये; फळ्यावरचे अक्षर दिसत नाही आणि मूल मान वाकवून बसते. जुना लॅपटॉप चालेल.

आता पैशांचे. डिसेंबर २०२१ मध्ये शिक्षण मंत्रालयाने एड-टेक कंपन्यांबाबत पालकांना सावध करणारी सूचना काढली. बँक खात्यातून आपोआप पैसे कापण्याची परवानगी देऊ नका, मोफत चाचणीच्या आडून पैसे कापले जात नाहीत ना ते पाहा, कर्जाच्या कागदावर न वाचता सही करू नका, हा तिचा गाभा. पालकांना फसवणारी रीत एकच असते. डेमोनंतर सल्लागार म्हणवणारा प्रतिनिधी फोन करतो, ‘आजच्या आजच सवलत आहे’ म्हणतो आणि दोन-तीन वर्षांचा कोर्स हप्त्यांवर देतो. हप्ता म्हणून सांगितलेली गोष्ट प्रत्यक्षात एखाद्या वित्तकंपनीचे कर्ज असते. मुलाने दुसऱ्या महिन्यात क्लास सोडला तरी ते कर्ज चालूच राहते. म्हणून नियम साधा ठेवावा: महिन्याची किंवा फार तर तिमाहीची फी भरावी, ओटीपी कोणाला सांगू नये, परताव्याची अट ईमेलवर लेखी घ्यावी, पावती जपावी. ‘आमची सगळी मुले पहिली’ अशा जाहिरातींवर केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कोचिंग क्षेत्रासाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वे आणली आहेत. यशाची खोटी हमी आणि परवानगीशिवाय वापरलेले विद्यार्थ्यांचे फोटो त्यांत बसत नाहीत. तक्रार करायची वेळ आलीच तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे.

मुलाची माहिती हाही व्यवहारच आहे. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालील प्रत्येक जण मूल धरला आहे, आणि त्याची माहिती वापरायला पालकांची पडताळलेली संमती लागते. तास रेकॉर्ड होतो का, तो कोण पाहू शकतो, मुलांच्या गप्पांच्या गटात मोठे कोण असते, शिक्षक मुलाशी खासगी संदेशावर बोलतो का, हे संकोच न करता विचारावे. लहान मुलाचा तास बंद खोलीत नको, दिवाणखान्यात असावा.

क्लास सुरू झाल्यावर सहा आठवड्यांनी एकदा बसून आढावा घ्यावा. या आढाव्यात मुलाला ‘आवडतो का’ एवढेच विचारून भागत नाही, कारण आवडणारा तास रिकामाही असू शकतो. पहिल्या आठवड्याची आणि आताची वही शेजारी ठेवावी. उत्तरे लांबली का, पायऱ्या मांडल्या जातात का, शिक्षकाने लावलेल्या खुणांनंतर त्याच चुका पुन्हा दिसतात का? मूल तासाबाहेर त्या विषयाबद्दल आपणहून बोलते का? तासाआधी पोटदुखी, चार्जर न सापडणे, सारखे पाणी प्यायला उठणे असे सुरू झाले असेल तर त्याला आळस म्हणण्याआधी तास एकदा शेजारी बसून पाहावा. बऱ्याचदा गोष्ट एवढीच असते की बॅच फार पुढे आहे किंवा फार मागे, आणि शिक्षकाशी बोलून बॅच बदलता येते.

बोलूनही फरक पडला नाही तर क्लास सोडावा. भरलेल्या फीची हळहळ वाटून वर्ष रेटू नये. मुलाला शिक्षकांना दोन ओळी आभाराच्या लिहायला सांगाव्या, बँकेत आपोआप कपात चालू राहिली नाही ना ते पाहावे, तपासलेल्या वह्या, स्वाध्याय आणि प्रमाणपत्रे तारीख घालून एका फाइलमध्ये लावावीत. पुढे एनआयओएसला किंवा एखाद्या महाविद्यालयात मुलाने काय केले हे दाखवायची वेळ आली की ही फाइल उपयोगी पडते. नव्या शिक्षकालाही मूल कुठवर आले आहे ते तिच्यावरूनच सर्वांत लवकर समजते.